आंधळं आतडं

सोमवारी नखं तपासायचे.
फ्राउ पागेनकोप चष्मा कपाळावर ढकलून
एकेक बोट उजेडाकडे धरायची.
वाढलेलं दिसलं की तिथंच कात्री,
मग मिठाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात.

गाईचं आंधळं आतडं,
पुढं वाटच नसलेलं, हातभर, मऊ.
त्याच्यावरचा पापुद्रा सोलायचा
बोथट सुरीनं, श्वास धरून.
कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ.
ओला असताना एकावर एक अंथरला
की गोंद लागत नाही,
आपसूक धरून राहतो:
दोन गाईंची जिवंतपणी ओळख नसली तरी.

एका झेपेलिनला किती गाई?
ते मोजणं मंत्रालयाचं काम, पागेनकोप म्हणाली.
कोपऱ्यावरच्या ड्रेव्स खाटकानं सांगितलं, दोन लाखांच्या वर,
आणि रिकाम्या आकड्यांकडे बघत राहिला.
सॉसेज करायला बंदी होती,
आतडी सरकारजमा.
बर्लिनभर त्या हिवाळ्यात सलगम:
सलगमचा पाव, सलगमचा मुरंबा,
सलगम भाजून केलेली कॉफी.

एका रविवारी ती आमच्या छपरांवरून गेली.
दोनशे मीटर लांब, सावकाश,
आमची सगळ्यांची न झालेली जेवणं
पोटात घेऊन.
पोरांनी टोप्या उडवल्या. मीही हात हलवला.
कोण नाही म्हणेल?

धाकटा भाऊ आल्विन फ्रान्समध्ये,
तारेला बांधलेल्या फुग्याखाली, टोपलीत.
'ह्या फुग्याला इथं सॉसेज म्हणतात,' त्यानं लिहिलं,
'तेवढं एकच सॉसेज मिळतं.
वरून सगळं दिसतं.
काल एक बाई चादरी वाळत घालत होती.
मी फोनवर आकडे सांगतो, आणि मग'
पुढची ओळ सेन्सॉरनं काळी केली होती.

आई पत्र छातीशी धरून म्हणायची,
आतडं तुटतं गं त्याच्यासाठी.
मी हात तीनदा धुऊन आलेली, तरी वास यायचा.
आतडं तुटू नये
ह्याचाच तर पगार होता मला.

फेब्रुवारीत दुसऱ्या थराखाली
माझा एक केस राहिला.
पाहिला तेव्हा थर बसला होता.
ओढला असता तर चीर गेली असती,
आठवड्याची मजुरी गेली असती.
टेबलाच्या त्या टोकाला पागेनकोप कुणाला तरी रागावत होती.
मी कापड पुढं सरकवलं.

मे महिन्यात एक परतली नाही.
शत्रूच्या शहरावर यशस्वी मारा,
आणि खाली, बारीक अक्षरांत,
एक नौका बेपत्ता. एकोणीस जण.
ती माझीच होती का, कोण सांगणार?
वीज असेल, गोळी असेल, इंजिनाची ठिणगी.
हायड्रोजनला निमित्त पुरतं.
पण केसानं गळा कापला म्हणतात,
तर मी तो कुणाचा कापला?
आणि खाली, जिथं ती पुढच्या रात्री जाणार होती,
तिथल्या गादीवर कुणी सकाळी उठलं असेल,
त्याचं काय मांडायचं, कुठल्या बाजूला?
रात्री वेणी सोडून मी केस मोजायला बसायची,
वेड्यासारखी,
जणू बरोबर एक कमी भरेल.

आल्विन परत आला.
एका कानानं ऐकतो.
वरच्या मजल्यावर झोपत नाही,
जिना दिसला की हात खिशात घालतो.

आणि ड्रेव्सनं दुकान उघडलं.
पहिल्या शनिवारी रांग चर्चच्या कुंपणापर्यंत.
धर जरा, म्हणून त्यानं माझ्या हातात
धुतलेलं रिकामं आतडं दिलं.
मी ते खिडकीपाशी नेलं,
तोंडानं फुगवलं, दोन बोटांत टोक आवळलं
आणि उजेडात फिरवून पाहू लागले,
वरून खाली, वितीवितीनं.
रांग गप्प.
भोक नव्हतं कुठंच.

दाराबाहेरच्या बाकावरून आल्विन,
मान वर न करता:
'खाली ठेव ते.'